पायाळू महिपती

आमच्या शेजारचा महिपती पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आले, आणि पायाळूवर वीज पडते हे लहानपणापासून त्याच्या मनात घट्ट बसलं. गावही तसंच मानायचं. ऐन कापणीत, दुपारनंतर घाटाकडून गडगडायला लागलं की आम्ही सगळे कापलेल्या भातावर ताडपत्री टाकायला धावायचो आणि महिपती विळा टाकून घराकडे पळायचा. त्याचं भात त्याची बायको मैना झाकायची, भिजत. बांगड्या भर म्हणून आम्ही त्याला चिडवायचो. विजांत उघड्यावर उभे आम्ही, आणि हसायचं त्याला. एवढीच आमची अक्कल.

त्याची मुलगी समीक्षा पेणच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, राहते तिथल्याच रामवाडीला. तिनं रोह्याजवळच्या आमच्या गावात, बापाच्या घराच्या स्लॅबवर एक पेटी बसवली. गडगडणाऱ्या ढगांतून कधीकधी गॅमा किरण निघतात, एक्स-रेपेक्षा कितीतरी जोरकस. ते ही पेटी मोजते, आणि आकडा समीक्षाच्या मोबाइलवर दिसतो. ढगात विजेचा ताण वाढला की आकडा चढतो. जवळपास वीज कोसळली की ताण सुटतो आणि तो एकदम उतरतो. पण हे किरण हवेत लांबवर जात नाहीत, ढग अगदी खाली आला तरच सापडतात. दोन वर्षं काहीच सापडलं नव्हतं.

गणपतीला आली तेव्हा तिनं बापाला समोर बसवून समजावलं, की वीज कुणाचे पाय बघत नाही, उघड्यावरच्या कुणावरही पडते, म्हणून गडगडलं की सगळ्यांनीच आत यावं. त्यातलं पहिलं त्यानं ऐकलं. जन्मभराची लाज उतरली होती, पुढचं कशाला ऐकतोय?

कापणीत ढग आले ते डोंगराला टेकूनच. महिपतीनं मैनाला घरी पाठवलं. "आज तू बस घरात," म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

तिकडे पेणमध्ये आकडा चढायला लागला. आधी आनंदच झाला, असं समीक्षानंच मला नंतर सांगितलं. मग बाबा आठवले. तिनं फोन लावला, पण महिपतीचा मोबाइल घरात चार्जिंगला होता, तो मैनानं उचलला. बाबा शेतात आहेत म्हटल्यावर समीक्षा रडकुंडीला आली, त्यांना आत बोलाव म्हणाली. मैना पडवीतून हाका मारत होती. मी माझ्या भाताजवळून ओरडत होतो. पावसात त्याला काय ऐकू जाणार? तो खाली वाकून ताडपत्रीच्या टोकावर दगड ठेवत होता.

समीक्षाच्या मोबाइलवर आकडा एकदम उतरला. वीज पडली एवढं तिला पेणमध्ये बसल्या जागी कळलं. कुठे पडली, ते पेटी सांगत नाही. आम्हाला डोळ्यांसमोर दिसलं.

तेराव्याला आलेला जो तो म्हणत होता, पायाळूच तो, शेवटी गाठलंच विजेनं. समीक्षा एकेकाला सांगत होती की तसं नसतं, बाबा आत असते तर वाचले असते. माणसं मान हलवून जेवायला बसत होती. शेवटी ती थकून आईजवळ येऊन बसली. मैनानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"तुजं खरं असंल गो," ती म्हणाली, "पन त्या खोट्यापायी तो घरात तरी बसायचा."