भाऊजींचं सरळ पोहणं

माझ्या भाऊजींना पाण्यात सरळ जाता येत नसे. जमिनीवर त्यांच्याइतका सरळ माणूस आख्ख्या सिंदी मेघे गावात सापडला नसता. मेथी-पालकाचे वाफे ते असे आखायचे की कुणी दोरी लावून बघावी. बोलणंही तसंच, जे असेल ते तोंडावर. पण पाण्यात पडले की हा माणूस हळूहळू डावीकडे वळायचा, आणि काठावरच्या सगळ्यांना ते दिसलं तरी त्यांना पटायचं नाही.

दोष त्यांच्या मळ्यातल्या विहिरीचा. विहीर चांगली ऐसपैस, बारमाही पाण्याची. घरची, शेजारची सगळी पोरं तिच्यातच पोहायला शिकली. एकमेकांवर आदळू नये म्हणून जुन्या लोकांनी नियम घालून दिला होता: पाण्यात उतरलं की डावीकडूनच फिरायचं. भाऊजी लहानपणापासून तसेच फिरले. उजवा हात बाहेरच्या अंगाला, तो लांब पडायचा. डावा नुसता वळण सांभाळायचा. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तिच्या घरी गेलो तेव्हा ते बाविशीच्या आत-बाहेर होते. त्यांना विहिरीत पोहताना पाहिलं आणि मी तोंडाचा आ वासून बघतच राहिलो. त्यांची इच्छा एकच होती: नागपूरच्या पोहण्याच्या तलावातल्या शर्यतीत पलीकडच्या भिंतीला सगळ्यांच्या आधी हात लावायचा. दुसरं काही त्यांनी मागितलेलं मला आठवत नाही, ना देवाजवळ, ना सासऱ्याजवळ.

पहिल्या शर्यतीला मी बरोबर होतो. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. शिट्टी झाली आणि भाऊजी असे सुटले की बाकीची पोरं जागीच थांबल्यासारखी वाटली. अर्ध्या वाटेवर मात्र ते डावीकडे कलले, मधल्या दोराखालून गेले आणि शेजारच्या पोराच्या रांगेत शिरले. पंचांनी त्यांना बाद केलं. ओल्या अंगानं माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, "मी तं सरळच गेलतो. हे लोक दोर वाकडा बांधून राह्यले." पुढच्या वर्षीही दोर वाकडाच निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना पटलं.

पटलं, आणि त्यांनी जो उपाय काढला तो विहिरीवर वाढलेल्या माणसालाच सुचावा. "डावीकडून फिरून फिरून अंगात पीळ बसला," त्यांनी मला समजावलं. "आता तेवढंच उजवीकडून फिरतो. पीळ निघून जाईन." झालं! भाजीची गाडी वर्ध्याच्या बाजारात रवाना केली की रोज सकाळी हे उलटे फिरायला लागले. पोरं आदळायची, भांडणं व्हायची. ताईचा जीव मेटाकुटीला आला. "काकडी पिवळी पडून राह्यली, अन् हे पाण्यात पीळ काढून राह्यले," ती मला म्हणायची. अशी काही वर्षं गेली. मग पुन्हा नागपूर. या खेपेला भाऊजी आधी उजवीकडे गेले, आणि दमल्यावर जुनी सवय जागी होऊन डावीकडे आले. दोन्ही बाजूंच्या पोरांना अडवलं. पंचांनासुद्धा हसू आवरलं नाही.

तोवर त्यांची तिशी उलटली होती. पोहणाऱ्याच्या आयुष्यात तिशी म्हणजे संध्याकाळ, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. ते भाऊजींना त्यांच्या अंगानंच सांगितलं. "पोहणं एकदम नाई जात, साळेबुवा," ते म्हणायचे. "एकेक हात काढून घेते." आधी बटरफ्लाय गेलं. नागपूरच्या पोरांचं बघून बघून ते शिकले होते आणि पंचविशीत विहिरीतून असे उसळायचे की पायरीवर बसलेले भिजायचे. आता चार वेळा उसळले की कपारीचा दगड धरून धापा टाकायचे. मग तलावावरचे एक प्रशिक्षक म्हणाले, ब्रेस्टस्ट्रोक मारा, दोन्ही हात बरोबरीनं चालतात, वाकडे जाणारच नाही. भाऊजी त्याला बेडूक म्हणत. बेडकानं ते खरंच सरळ गेले. पण मिसरूड न फुटलेली पोरं पलीकडे पोहोचून अंग पुसायला लागली तेव्हा हे पोहोचले. पुढं वाफ्यात उकिडवं बसून बसून गुडघे गेले, आणि बेडकाची लाथ बसेना. राहिलं पाठीवरचं पोहणं. त्याचं ते नावही काढू देत नसत. "उताणं व्हाले एक दिवस आहेच. आतापासून काऊन?"

असं सगळं संपत आलं असताना, मी नोकरीनिमित्त नागपुरात होतो तेव्हा, तिथं पस्तिशीच्या पुढच्यांसाठी वेगळी शर्यत ठेवल्याचं कळलं. फ्रीस्टाइल, म्हणजे भाऊजींचं ते जुनं, एकाआड एक हात मारायचं पोहणं. मी त्याच आठवड्यात वर्ध्याची गाडी धरली आणि त्यांना सांगितलं. चाळिशीला टेकलेला तो माणूस नव्या नवरदेवासारखा लाजला. "आता माह्या जोडीचे येतीन," म्हणाले. तयारी जोरात सुरू झाली. ताईनंसुद्धा कुरकुर सोडली आणि दुधाचा रतीब वाढवला.

शर्यतीच्या दिवशी मी त्यांच्या रांगेच्या टोकाला उभा होतो. माझी नजर फक्त दोरावर. भाऊजी निघाले आणि सरळ आले. दोराला बोटसुद्धा लागलं नाही. "सरळ! भाऊजी, सरळ!" मी ओरडत होतो, नाचत होतो. इतक्या वर्षांत मी दुसरं काही बघायला शिकलोच नव्हतो. बाकीच्या रांगांकडे नजर गेली तेव्हा तिथं सगळे भिंत धरून उभे होते. त्यांच्या जोडीचेच सगळे. भाऊजी शेवटचे आले.

वर येऊन ते पायरीवर बसले आणि आपल्या दंडांकडे बघत राहिले. मी म्हटलं, "भाऊजी, तुमी सरळ गेले!"

"गेलो ना," ते म्हणाले. "एका हातात जोर जास्त होता, म्हून वाकडा जात होतो. आता दोन्ही सारखेच मेले."

त्यानंतर ते पाण्यात उतरले नाहीत. भाजी होती, बाजार होता, तब्येत तशी ठीक होती. पण सकाळी विहिरीवर जायचे, मोटर सुरू करायचे आणि पाण्याकडे न बघता परत यायचे. वर्षभरानं ताईनं मला बोलावून घेतलं. "तू म्हण त्याइले. माह्यं आयकत नाई. कोणी वारल्यावर घर जसं होते ना, तसं झालं रे." मी गेलो. ते काठावर बसले होते. मी आधी थट्टा केली, मग विनवणी केली, शेवटी रागावलोही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"साळेबुवा," ते म्हणाले, "इतके वर्स वाटे, का एवढी चूक सुधरली का मी जिंकीन. त्याच्याच भरवशावर रोज उतरत होतो. चूक सुधरली. आता कायच्या भरवशावर उतरू?"

मी उठून घराकडे निघालो.

ताई दारातच उभी होती. "उतरतीन का रे?" तिनं विचारलं.

मी "नाई" म्हटलं.