कोरडे पोहे

आमच्या गल्लीतल्या बिस्ट्रोच्या मालकाचं अगत्य लोक वाखाणतात. रील काढणाऱ्यांच्या टेबलाशी तो कमरेत वाकून उभा असतो. आम्हा शेजाऱ्यांशी बोलताना मात्र त्याची नजर दारावर असते.

काल बाबांना तिथे नेलं. पोहे कोरडे होते. नागपुरात पोह्यांवर तर्री मागावी लागत नाही, पण बाबांनी मागितली. "जरा तर्री दे ना गा."

मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं हसला. "काका, हा ठेला नाही."

बाबांनी चमचा खाली ठेवला.

आज सकाळी चौकातल्या पोह्यांच्या ठेल्यावर तोच उभा होता. प्लेट पुढे करून म्हणत होता, "अजून टाक ना गा तर्री."

ठेलेवाल्यानं हसून डावभर ओतली. त्याच्या जागी मी असतो तर डोक्यावर ओतली असती.