कासवाचं पाणी

मला भांडायला आवडतं. हे आधीच सांगून टाकते, कारण माझा नवरा तसंही ते सगळ्यांना सांगत असतो. गेवराईच्या कोर्टात मी वकिली करते आणि माझ्याकडची निम्मी प्रकरणं विहिरींची असतात. कुणाची पाळी कधी, कुणी दुसऱ्याच्या पाळीत मोटार लावली, यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण त्या मे महिन्यात, कोर्टाला सुट्ट्या असताना, असा एक अशील मिळाला की आजही आठवलं तरी अंगात वारं शिरतं.

काकूचा, म्हणजे माझ्या चुलतीचा फोन आला. "माय, तुझ्या भावानं मोटारवाला आणलाय. मोटार पायरीच्या खाली सोडायलाय. तू ये बरं लवकर."

माझं माहेर उमापूरकडचं. शेतातली विहीर आमच्या आजोबांनी आणि त्यांच्या भावानं मिळून खोदली. आमच्याकडे नव्या विहिरीला पाणी लागलं की त्यात कासव सोडतात, ते पाणी निर्मळ ठेवतं म्हणून. पुढे वाटण्या झाल्या, विहीर सामाईक राहिली, आणि दोघा म्हाताऱ्यांनी एक बोली केली. शेवटच्या दगडी पायरीखाली कुणीही मोटार न्यायची नाही. आमच्या विहिरीतलं कासव अजून आहे, म्हणून त्या पायरीखालच्या पाण्याला घरात सगळे कासवाचं पाणी म्हणतात. ही बोली कुणी मोडली नव्हती, कारण मोडायची वेळच आली नव्हती. यंदा पाणी उतरत उतरत पायरीला टेकलं होतं आणि थोरल्या भावाच्या मोसंबीची लिंबाएवढी झालेली फळं गळायला लागली होती.

मी स्कूटीला किक मारली. वाटेत वाळूचे हायवा ट्रक दिसले की एरवी मी थांबून चार शिव्या घालते, त्या दिवशी त्यांनाही मागं टाकलं. डोक्यात युक्तिवाद सुरू झाला होता. कायद्याच्या पहिल्या वर्षाला नैसर्गिक हक्क शिकले होते. कुणी दिलेला नसतो, म्हणून कुणाला काढूनही घेता येत नाही, तो नैसर्गिक हक्क. उत्तर पाठ होतं, पण ते माणसापाशी संपत होतं. माणसाच्या पुढं ती रेघ कुणी ओढली, असा प्रश्न मला वर्गात कधी पडला नाही. तो नेमका भर उन्हात, स्कूटीवर पडला, आणि खरं सांगते, मला आनंदानं गुदगुल्या होत होत्या.

विहिरीवर मोटार उतरवायची तिपायी लोखंडी घोडी उभी होती. कप्पीवरून मोटार अर्ध्यावर लोंबकळत होती आणि गेवराईचे मोटारवाले चाचा दोर धरून घामाघूम झाले होते. काकू पाणी पडायच्या थारोळ्याशी ठाण मांडून बसली होती.

"दादा, मोटार वर घे," मी म्हणाले.

"कावून?"

"पायरीखालचं पाणी तुझं नाही."

"मग काय तुझं हाय? हक्कसोडीवर सही केलीस ना तू? विहिरीसकट सोडलंस समदं."

नेम बरोबर बसला. आबा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर आमच्याकडच्या बहिणी करतात तशी, मीही भावाच्या नावानं हक्कसोड करून दिली होती आणि वर नवी साडी नेसून पुरणपोळी खाल्ली होती.

"मी माझा सोडला," मी म्हणाले. "कासवाचा सोडायचा मला कुणी अधिकार दिला होता? त्याचा त्यानंच सोडावा लागेल. विचार त्याला."

चाचा खुदकन हसले. दादा त्यांच्यावरच घसरला. "चाचा, सांगा हिला. जनावराला हक्क असतो का?"

"भाऊ, आपन मोटारीचा मानूस. खाली सोडू का वर घिऊ तेवढं बोला. हात भरून आले माझे."

मी कायदा काढला. कासवाला मारणं गुन्हा आहे, पकडणंही गुन्हा आहे. दादा शांतपणे म्हणाला, "मी कुठं मारायलोय? पाणी उपसायलोय. कासवाला पाणी ठेवा, असं लिवलंय का तुझ्या कायद्यात?"

इतकं सरळ कुठंच लिहिलेलं नाही. मला तर असा विरोधक कोर्टात मिळत नाही. मी रीत काढली. "वैरी जरी तहानलेला आला तरी आपण त्याला विहिरीवरून हाकलत नाही. पाळी पिकाच्या पाण्याला असते, तहानेला नसते. खरं का खोटं?"

"खरं हाय. पण ते काय निस्तं पितंय व्हय? त्यात ऱ्हातंय ते. त्याला टाकीत ठिवतो, न्हाईतर गोदावरीत सोडतो."

"गोदावरीत पाणी कुठं हाय?" काकू पहिल्यांदाच बोलली. "वाळू बी ठिवली न्हाई लोकांनी. आन टाकीत तू ऱ्हाऊन बघ आधी."

तेवढ्यात खाली पाणी हललं. कासवाच्या नाकाचं टोक वर आलं, क्षणभर राहिलं आणि गेलं. आम्ही सगळेच वाकून बघत होतो, दादासुद्धा.

मग दादानं माझं मनगट धरलं. "चल," म्हणाला आणि थेट मोसंबीत घेऊन गेला. पानं वळली होती. पायाखाली गळलेल्या फळांचा सडा होता. एका खोडावर हात ठेवून तो म्हणाला, "हिला जीव न्हाई? हक्क वाटायलाच बसलीस तर हिला बी दे. का ती हलत न्हाई म्हणून तिचा न्हाई?"

मी गार पडायला हवं होतं. उलट मी जास्तच पेटले. हा गडी माझ्याही पुढं गेला होता. कासवाला हक्क, तर झाडाला का नाही? मग बांधावरच्या हराळीला? ज्या किडीवर आपण फवारणी करतो तिला? मला भोवळ आल्यासारखं झालं, पण ती सुखाची भोवळ होती. मी त्याच्यासमोर मातीतच बसकण मारली.

"दादा, हक्क जगण्याचा. तिचाही, कासवाचाही. आता सांग, झाडाला नुसतं जगायला किती पाणी लागतं?"

"जगायला लई लागत न्हाई. बुडाला पाचट घातलं आन रात्रीतून झऱ्याचं साचंल तेवढं पायरीवरचं दिलं, तरी जगतंय. पाणी लागतं ते फळं पोसायला."

बोलला आणि थांबला. निकाल त्याच्याच तोंडून निघाला होता. मी टाळी द्यायला हातही पुढं केला. "मग झालं तर. बहार उतरव, फळं तोडून टाक. झाडं जगतील, कासव जगेल."

त्यानं टाळी दिली नाही. विहिरीवर जाऊन चाचांना मोटार वर घ्यायला सांगितलं. काकूनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तो परत आला आणि पहिल्या झाडापासून हिरवी फळं ओरबाडून खाली टाकायला लागला. माझं तोंड सुरूच होतं. हे प्रकरण वरच्या कोर्टात कसं मांडता येईल, न्यायाधीश काय विचारतील, आपण काय सांगायचं, मी एकटीच दोन्ही बाजू लढवत होते. वर्षाचं पीक धपाधप मातीत पडत होतं.

एका फांदीशी तो थांबला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "कासवाला हक्क हाय. झाडाला हक्क हाय. जित्या जीवाला असतो, असं म्हणलीस न्हवं?"

"हो."

"मग बाई, माझ्या हक्काचं नाव कुणी काढलंच न्हाई."

मी ओढणी कमरेला खोचली, झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि फळं तोडायला लागले. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं एकेक झाड मोकळं करत गेलो.