तळावर कोण बसणार?

केनियाला जायचं ठरलं तेव्हा सुलाबाईंनी पहिली चौकशी पाण्याची केली.

"तळाजवळ पानी हाय न्हवं?"

सून मयूरी सांगलीतल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. आफ्रिकेतले वाघ-सिंह दाखवायला सासूला घेऊन जायचं हा बेत तिचाच. त्यात वाघ तिकडे नसतात हेही तिनं सासूला सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "आत्या, तंबूत राहायचं, पण तंबूला लागूनच न्हाणीघर आहे. नळ आहे."

"आन् सरपन?"

"स्वयंपाक तेच लोक करतात."

हे सुलाबाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं. आपल्या हातची चूल पेटल्याशिवाय तळ चालतो, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

सुलाबाई औंधच्या पलीकडच्या माळावरच्या. धनगराघरी जन्मल्या, धनगराघरीच दिल्या. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, यात त्यांची निम्मी हयात गेली. बाप्ये मेंढरांमागं रानानं जायचे. बायका सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून वाटेनं पुढं निघायच्या, नव्या जागी तळ टाकायच्या, दगडांची चूल मांडायच्या, कोकरं वाघरीच्या जाळीत कोंडायच्या. आणि एकदा तळ टाकला की तो एकटा सोडायचा नाही. कुत्री भांडी पळवतात, घार कोंबडीची पिल्लं उचलते. कुणीतरी बसावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे सुलाबाई.

संध्याकाळी मालक यायचे आणि भाकरी तव्यावर असतानाच सांगायला लागायचे. आज ओढ्यात लांडगा आला. वासराएवढा! डोळं नुसतं इंगळासारखं! सुलाबाईंची भाकरी करपायची. लांडग्यानं फाडलेली कोकरं त्यांनी पाहिली, त्यांच्या जखमांत हळद भरली, पण खुद्द लांडगा जन्मात पाहिला नाही. नव्या नवरी होत्या तेव्हा एकदा म्हणाल्याही होत्या, "मला दावा की." मालक म्हणाले, "दावतो की. पर तळावर कोन बसंल?" सुलाबाईंनी पुन्हा कधी विचारलं नाही. मालक गेले, मेंढरं विकली, मुलगा इंद्रजित सांगलीला हळदीच्या व्यापारात शिरला, तरी ती इच्छा पोटात तशीच राहिली होती. या वयात असलं काही बोलून दाखवायला त्यांना लाज वाटे.

आता तयारी सुरू झाली. पिवळ्या तापाची लस टोचायला तिघं पुण्याला गेली. वय पाहून डॉक्टरांनी सुलाबाईंची आधी नीट तपासणी केली, मग सुई टोचली. सुलाबाई हलल्या नाहीत. उलट त्यांनीच विचारलं, "रंग कवा लावताय?"

"कसला रंग?"

"टोचलेल्या मेंढराला आमी रंग लावतो. न्हाईतर तेच मेंढरू दोनदा टोचलं जातंय."

डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, रंगाऐवजी हे पिवळं पुस्तक. विमानतळावर दाखवायचं." सुलाबाईंनी ते पुस्तक कमरेच्या पिशवीत घातलं आणि ते मयूरीकडं द्यायला शेवटपर्यंत नकार दिला.

कपड्यांचं मात्र अवघड झालं. तिकडं धुळीच्या रंगाचं घालायचं, भडक नको, असं मयूरीनं वाचलं होतं. जन्मभर हिरवी नाहीतर लाल लुगडी नेसलेल्या बाईला मातकट लुगडं दाखवल्यावर ती म्हणाली, "ह्ये काय, आधीच मळलेलं?" काळ्या घोंगड्यावरून तर चांगलीच जुंपली. तिकडच्या एका जातीच्या माश्या काळ्या नि गडद निळ्या रंगावर धावून येतात, चावल्या की गांधी उठतात.

"पहाटे उघड्या गाडीत थंडी असते, पण घोंगडं नको आत्या. आपण करड्या रंगाचा स्वेटर घेऊ."

"घोंगडं तंबूतच ठिवीन की. मी कुटं भाईर पडतीया!"

मयूरीच्या हे ध्यानात यायला हवं होतं, पण ती तेव्हा जुन्या साडीच्या पिशव्या शिवत होती. प्लास्टिकच्या पिशव्यांना तिकडं बंदी. शिवाय लहान विमानात टणक पेटी चालत नाही, म्हणून प्रत्येकाला मऊ कापडी बॅग. ही एक गोष्ट सुलाबाईंना मनापासून पटली. घोड्याच्या पाठीवर तरी टणक ओझं कुठं चालायचं! तिघांच्याही बॅगा त्यांनीच भरायला घेतल्या, आणि भरल्याही अशा की मयूरी बघतच राहिली.

घोटाळा त्यानंतर उघडा पडला. सासूसाठी आणलेली, हनुवटीखाली दोरी बांधायची टोपी आणि लहान दुर्बीण मयूरीला स्वतःच्याच बॅगेत सापडली. तिला वाटलं, चुकून आली. तिनं ती सासूच्या बॅगेत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्याच बॅगेत! मग तिनं सुलाबाईंची बॅग उघडली. आत छोटा तवा, ज्वारीचं पीठ, चटणी, आणि लोकर नि टकळी.

"आत्या, हे काय?"

"तुमी दोगं गाडीतनं जनावरं बगून या. मी तळावर बसतीया. बसल्या बसल्या सूत तरी हुईल."

मयूरी आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं की बाई थट्टा करत नाहीत. ती समजावून थकली. तिथं पहारेकरी असतात, सामानाला कुणी हात लावत नाही, गाडीत प्रत्येकाला कडेची जागा मिळते. सुलाबाई सगळ्याला "बरं, बरं" म्हणाल्या आणि तवा फडक्यात गुंडाळून पुन्हा बॅगेत ठेवला.

रात्री जेवताना मयूरीनं ते इंद्रजितला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला. लहानपणी तो बापामागून रानोमाळ हिंडला होता. तरस पाहिला, लांडगे पाहिले, कोल्ह्याची पिल्लं पाहिली. संध्याकाळी परत यावं तर आई तळावर असायची आणि भाकरी गरम असायची. आई दिवसभर काय बघत असेल, हे त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं. तो आईकडं बघत राहिला. सुलाबाई म्हणाल्या, "जेव की रं. आमटी निवतीया."

परमुलखाला निघण्याआधी औंधच्या यमाईचं दर्शन आणि बिरोबाचा भंडारा घ्यायचा, हा घरचा रिवाज. त्यासाठी शनिवारी तिघं भरलेल्या बॅगांसकट गावी आली. दर्शनं झाली, मुक्काम घरीच केला. रविवारी उजाडता उजाडता इंद्रजितनं जीप दारात लावली. दुर्बीण कशी धरायची याचा सराव माळावर करू, असं त्यानं सांगितलं होतं. सुलाबाई केव्हाच्या उठून पीठ मळत होत्या.

"तुमी जावा. येस्तवर भाकरी हुत्यात."

इंद्रजित आत आला. त्यानं गॅस बंद केला, मळलेल्या पिठावर ताट झाकलं, आईला हाताला धरून बाहेर आणलं आणि दाराला कुलूप घातलं. किल्ली तिच्या हातात दिली.

"तळाला कुलूप लावलंय, आये. आता कुनी बसायचं न्हाई."

सुलाबाई गांगरल्या. "आसं कवा कुनी केलंय का रं?"

"आज केलं."

त्या पुढच्या सीटवर बसल्या खऱ्या, पण वळण येईपर्यंत मान मागं वळवून घराकडंच बघत होत्या. पिठाचे हात तसेच मांडीवर.

माळावर इंद्रजितनं जीप एका बांधाआड थांबवली. गवत वाळून पिवळं झालं होतं. बराच वेळ काही दिसलं नाही. सुलाबाईंनी दुर्बीण आधी उलटी धरली, मग सुलटी धरून एक बाभूळ, एक टिटवी आणि लांबच्या वस्तीवरची कुणाची तरी वाळत घातलेली गोधडी पाहिली, आणि गोधडी लय जवळ दिसते म्हणून खूश झाल्या. तेवढ्यात इंद्रजितनं त्यांच्या खांद्याला हळूच हात लावला.

समोरच्या बांधावरून एक करडं जनावर निवांत चाललं होतं. मध्येच ते थांबलं, जीपकडं पाहिलं, आणि पुन्हा चालू लागलं.

"इंद्रा, कुनाचं रं कुत्रं ह्ये?"

"लांडगा हाय, आये."

दुर्बीण डोळ्याला घट्ट लावून सुलाबाई बघत राहिल्या. बारीक कमर, लांब पाय, खाली सोडलेलं शेपूट. ते गवतात दिसेनासं झालं तरी दुर्बीण खाली आली नाही.

"एवढासाच?" त्या शेवटी म्हणाल्या. "ह्याच्यासाठी मी जल्मभर भाकरी करपवल्या?"

मयूरी मागं फिसकन हसली. इंद्रजितही हसला. सुलाबाई तर पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग हसू थांबलं, पण पाणी थांबेना.

"वासराएवढा म्हनायचा तुजा बाप."

"वाढवून सांगायची सवयच हुती त्यांना."

"न्हाई रं." त्यांनी मान हलवली. "मला दावता येत न्हवता. म्हून मोटा करून घरी आनायचा."

इंद्रजितनं आईचा पिठानं वाळलेला हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

घरी आल्यावर सुलाबाईंनी आधी दार उघडून घर डोळ्यांखालून घातलं. सगळं जिथल्या तिथं होतं. पिठावरचं ताटसुद्धा हललं नव्हतं. भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, मग त्यांनी आपली बॅग ओढून घेतली. तवा काढला, पीठ काढलं. मयूरीच्या बॅगेतून टोपी उचलली आणि गळ्यातल्या दुर्बिणीसकट आपल्या बॅगेत अगदी वर ठेवली.

"मयुरे, त्या तंबूला कडी-कोयंडा हाय का गं?"

"चेन असते, आत्या. ओढून बंद करायची."

"मग आपलंच कुलूप घिऊ," असं म्हणत त्या उठल्या आणि फडताळातला जुना डबा खाली काढून त्यातलं चांगलं दणकट कुलूप शोधायला लागल्या.