ओवाळणीचं ओळखपत्र

माझ्या भावानं मला ओवाळणी पाठवली आणि बँकेनं ओवाळणीचं ओळखपत्र मागितलं. हसू नका. आधी मीही हसलेच होते.

भाऊ माझ्या पाठचा, आखातात एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. माझं सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. माझं पोट मी भरते, त्याच्या पैशावर माझी चूल कधीच नव्हती. पण दर भाऊबीजेला तो फोनवर समोर बसायचा, मी फोनलाच ओवाळायचे, मग तो पैसे पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून विचारायचा, "पोचले काय वं ताई?" पोचले म्हणायला एक क्षण लागतो, पण आमचा त्यावर अर्धा तास जायचा. सांबारवडी खाल्ली का, गुडघा दुखतो का, तिकडे ऊन किती, सगळं त्यात यायचं.

मग माझ्या मुलीचं लग्न झालं. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. मामाला सुट्टी मिळाली नाही. शेजारचे एक काका मामा म्हणून उभे राहिले आणि माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. "आता मले तोंड दाखवू नको," मी म्हटलं. तो म्हणाला, "मालक पासपोर्ट देऊन नाही राहिला, मी काय उडून येऊ?" त्यानंतर दोघांच्याही तोंडाला कुलूप.

त्या वर्षी भाऊबीजेला फोन आला नाही. मी ताट लावून बसले, शेवटी गच्चीवर जाऊन चंद्राच्या कोरीला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. माझा भाऊ चांगला धडधाकट होता, म्हणून मला आणखीच रडू आलं.

मला काय माहीत, त्यानं त्याच दिवशी पैसे पाठवले होते! ॲपमध्ये 'कशासाठी' असा एक रकाना असतो. एरवी तो त्यात 'घरी' एवढंच लिहायचा. या वेळी रुसवा काढायचा म्हणून गड्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलं, ओवाळणी. माफी मागणं त्याला कधी जमलं नाही. त्या एका शब्दात त्यानं ती मागून टाकली होती.

तो शब्द मध्येच, कुठल्यातरी तिसऱ्या देशातल्या बँकेच्या यंत्रात अडकला. ओवाळणी म्हणजे कोण? माणूस की कंपनी? मला आमच्या शाखेत बोलावणं आलं. साहेब बाहेरचे, हिंदी बोलणारे.

"मॅडम, ये ओवाळणी कौन है? इनका आयडी लगेगा."

"अहो, ओवाळणी कोणी बाई नाही. भाऊ ताटात टाकतो ते."

"तो उसका कोई कागज?"

"निरांजनाचा फोटो देऊ?"

बाजूचा मराठी बाबू फिसकन हसला, पण साहेबासमोर एक शब्द बोलेल तर शपथ. मेला घरी बहिणीकडून ओवाळून घेत असेल. मी लिहून दिलं, सही केली. मग सुरू झाली टोलवाटोलवी. शाखा म्हणे मुंबईला विचारा, मुंबई म्हणे मधल्या बँकेला, मधली बँक म्हणे पाठवणाऱ्याला. सगळ्यांनी हात वर केले आणि पैसे आले तसे माघारी गेले.

गेले तर गेले, माझं काही अडलं नव्हतं. पण भावाच्या फोनवर संदेश गेला: रक्कम स्वीकारणाऱ्यानं परत केली. स्वीकारणारी म्हणजे मी!

शेवटी मीच फोन केला. तो एकदम म्हणाला, "काहून केलं वं ताई असं? ओवाळणी कोणी वापस करते काय?"

"मी नाही केली गा. बँकेनं केली."

"मग मशीन काय खोटं बोलून राहिली? तिचं माह्याशी काय भांडण हाय?"

भांडण माझ्याशी होतं, यंत्राशी नव्हतं, म्हणून यंत्र खरं ठरलं. त्यानं फोन ठेवला.

मी तक्रार केली. ती चढत चढत एका मोठ्या साहेबापर्यंत गेली. त्यांनी म्हणे पुढाकार घेतला, इकडची बँक, मधली बँक, ॲपवाले, सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. मग वर्धा रोडवरच्या हॉटेलात त्याचा सोहळा. मला पहिल्या रांगेत बसवून शाल पांघरली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'एका बहिणीची गोष्ट'. सगळ्यांनी मिळून शोधलेला उपाय असा, की पाठवणाऱ्यानं आता काही लिहायचंच नाही, यादीतून निवडायचं. यंत्राला अडायला शब्दच ठेवला नाही. टाळ्या पडल्या.

माईक माझ्या हातात आला. मी विचारलं, "यादीत ओवाळणी आहे का?"

"ते 'कुटुंबाचा निर्वाह खर्च' यात येतं, ताई."

"बरं. मग माझ्या भावाला दोन ओळी लिहून पाठवा, की पैसे बहिणीनं परत केले नव्हते."

"नक्की, ताई, नक्की!" साहेब म्हणाले. पुन्हा टाळ्या. मी नंतर चकरा मारल्या तर म्हणे वैयक्तिक प्रकरणात आम्हाला लिहिता येत नाही. ती शाल मी शिलाई मशीनवर झाकायला घेतली.

यंदाच्या भाऊबीजेला मी ब्लाऊजला हूक लावत होते, तर फोन वाजला. खोटं कशाला बोलू, पैसे डोळ्याचं पातं लवायच्या आत खात्यात आले. खाली लिहिलेलं, निर्वाह खर्च. आग लागो त्या यादीला! मी कमावती बाई, आणि माझा भाऊ मला पोसतो म्हणे. तरी मी घरी येऊन ताट लावलं आणि फोन समोर ठेवून बसले. निदान पोचले का विचारायला तरी करेल. त्या दिवशी केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मुलगी माहेरी आली होती. माझं फोनकडे बघणं पाहून ती समजुतीनं म्हणाली, "आई, कशाची वाट पाहून राहिली? आता पैसे पोचले की मामाले लगेच त्याच्या फोनवर कळते. विचारा लागत नाही."