डोक्याला डांबर

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो, ते साचतात. आमची तळवड्यातली छोटीशी कंपनी. गाडीचं बॉनेट उघडलं की रंगीबेरंगी वायरींचे झुबके दिसतात ना, ते बांधायचं आमचं काम. लाइनवर सगळ्या बायकाच. हात टेप गुंडाळण्यात अडकलेले आणि तोंड मोकळं! शिफ्ट संपेपर्यंत टेबलाखाली वायरीचे तुकडे साचतात आणि टेबलावर किस्से. तुकडे हाउसकीपिंगवाले झाडून नेतात, किस्से मागे राहतात. त्यातले बरेचसे माझ्या डोक्याचे आहेत. म्हणजे डोक्यातले नव्हे, डोक्यावरचे!

* * *

सुरुवात रंजनाताईंनी केली. रंजनाताई आमच्या लाइन लीडर, राहणार कुरुळी. घरी म्हशी सांभाळतात आणि इथे आम्हाला. आवाज दोन्हीकडे सारखाच.

आमचा ॲप्रन गडद निळा. एकदा सकाळी त्यांनी माझ्या खांद्यावर फुंकर मारली आणि सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं माधुरी, खोबरं खवून आलीस व्हय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण नंतर बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर उभी राहिले. कितीतरी वर्षं मी त्याला कोंडाच समजत होते. लिंबू झालं, दही झालं, मेथी झाली. रंजनाताईंच्या सांगण्यावरून आंबट ताकही लावलं. खवले जागचे हलले नाहीत, फक्त कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारचं सीट रिकामं राहायला लागलं!

शेवटी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी भिंगातून पाहिलं, कानामागे पाहिलं, कोपरंही पाहिली आणि म्हणाल्या, "हा कोंडा नाही, सोरायसिस आहे. कुणाला लागत नाही. कायमचं जाईल असं मी सांगणार नाही, पण आटोक्यात राहतं. तुमचं सध्या थोडंच आहे. आधी कोल टारचा शाम्पू वापरून बघा. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतो. फरक नाही पडला तर परत या, मग दुसरं काहीतरी देऊ."

घरी येऊन मी हे सगळं गंभीरपणे आमच्या ह्यांना सांगितलं. हेही गंभीरपणे ऐकत होते. मग म्हणाले, "कोल टार म्हणजे डांबरच ना? मग वरून रोलर पण फिरवायचा का?"

* * *

आमच्या संत तुकाराम नगरातल्या मेडिकलवाल्या काकांनी काउंटरवर दुकानच मांडलं. कोल टारचा शाम्पू, कोल टारचं मलम, कोल टारचा साबण. एका शाम्पूत नुसतं डांबर, दुसऱ्यात खवले सुटे करायचं औषधही मिसळलेलं. मी पडले क्वालिटी चेकवाली. प्रत्येक बाटली फिरवून फिरवून वाचली. एकीवर डांबराचं प्रमाण कमी, एकीवर चांगलं घसघशीत. मी घसघशीतवाली उचलली.

"पहिल्यांदाच लावताय ना?" काकांनी विचारलं.

"हो. म्हटलं, लावायचंच तर जास्तवालं लावू."

काकांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली आणि कमीवाली ठेवली. "ताई, जास्त टक्के म्हणजे चांगलं, हे दहावीच्या रिझल्टला. डोक्याला नाही!"

मग बजावून सांगितलं. केसांना नाही, खालच्या कातडीला लावायचं. बाटलीवर लिहिलंय तेवढी मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. खाजवून जखम झाली असेल तिथे लावायचं नाही. लावल्यावर उन्हात हिंडायचं नाही. मी सगळं मुकाट्याने ऐकलं. वासाबद्दल मात्र काका एक अक्षर बोलले नाहीत!

* * *

पहिला प्रयोग रविवारी. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला, तो वर डांबर पडायची वाट बघत पडून होता. आणि आमच्या बाथरूमची खिडकी उघडते डक्टमध्ये. तिथून वास वरखाली सगळीकडे!

मी डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर येते तोवर खालचे जोशीकाका बाल्कनीतून ओरडत होते, "आले का हो? आले का?"

"कोण?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"अहो, रस्तेवाले! डांबर तापवलेलं दिसतंय. कसला सुंदर वास सुटलाय!"

काकांच्या तोंडावर असा आनंद की मला खरं सांगायचा धीर होईना. हे मात्र अजिबात न हसता म्हणाले, "एक पॅच झालाय काका. बाकीचं पुढच्या रविवारी!"

काकांनी लगोलग खाली जाऊन आपली स्कूटर रस्त्यातून बाजूला काढली.

* * *

हे घरचं झालं. कंपनीत मात्र माझी पाचावर धारण बसली. धुतल्यावरही थोडा वास मागे राहतोच, त्यात टोपीखाली घाम आला की विचारू नका. आणि वायरींच्या कंपनीत असा वास म्हणजे एकच अर्थ.

साळवे सर, आमचे सुपरवायझर, नाक वर करून लाइनवर आले आणि ओरडले, "थांबा! सगळं बंद करा! काहीतरी जळतंय!"

लाइन बंद. इलेक्ट्रिशियन धावत आला, पॅनलची दारं उघडली, सोल्डरिंगची टेबलं तपासली. आम्ही सगळ्या दाराशी ओळीत उभ्या. मी टोपी कानापर्यंत ओढलेली. बोलावं, तर सगळ्यांना कळणार की हिला काहीतरी रोग आहे. गप्प बसावं, तर माझ्या डोक्यापायी अख्खी लाइन बंद!

साळवे सर आमच्यासमोर येऊन थांबले. "वास इकडूनच येतोय."

मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सर, त्ये माझं डोकं हाय."

रंजनाताई! त्यांना एकट्यांना मी बसमध्ये सांगितलं होतं.

"तुमचं डोकं? म्हणजे?"

"डांबर लावलंय."

"डांबर? डोक्याला? कशासाठी?"

"तुमचं टार्गेट ऐकून तडं गेल्यात. पावसाळ्याआधी गळती काढाया नगं का?"

सरांना हसू आवरेना. लाइन सुरू झाली. पण मला काही चैन पडेना. माझं दुखणं त्यांनी का म्हणून अंगावर घ्यावं? जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि सगळ्या टेबलाला स्वतःच सांगून टाकलं. सोरायसिस आहे, डोक्यात आहे, वास माझा होता.

एकीचा हात माझ्या बटाट्याच्या भाजीकडे येता येता हवेतच थांबला. तो थांबलेला हात मला आजही दिसतो.

रंजनाताईंनी तो डबाच स्वतःकडे ओढला. "आगं, चिकटायचं आसतं तर मला पयलं चिकटलं आसतं. हिच्या डब्यातली निम्मी भाजी रोज मीच खाते!"

"म्हणजे ती तुम्ही होय!" मी ओरडले. रोज सकाळी दहाच्या चहानंतर माझा डबा हलका कसा होतो, हे मला तेव्हा कळलं.

* * *

शाम्पू लागू पडला. एका धुण्यात नाही, पण हळूहळू. खवले पातळ झाले, खाज कमी झाली, ॲप्रनवरचं खोबरं थांबलं. पण डांबर ते डांबरच. माझ्या कपाळावर पुढे पांढरी बट आहे, तिला मस्त तपकिरी झाक आली.

लाइनवरच्या दोघी जवळ आल्या. "ताई, कलर कुठं केला? शेड कुठली?"

मी म्हटलं, "हायवे ब्राऊन."

त्यांनी पार्लरमध्ये जाऊन मागितला की हो!

* * *

माझं डोकं सुधारलेलं पाहून रंजनाताईंनी उरलेली बाटली मागितली. "आमच्या मालकाच्या पायाला लई खाज हाय. बगते लावून."

मी म्हटलं, "ताई, दाजींना डॉक्टरांना दाखवा आधी. प्रत्येक खाज माझ्यासारखी नसते."

"व्हय व्हय," म्हणत बाटली पिशवीत गेली. दाजी म्हणजे शेतकरी माणूस, सकाळी म्हशी आणि दिवसभर कंपनीचा टेम्पो. त्यांनी इमानाने रोज पाय धुतला. पायाला वास लागला, खाज होती तिथेच. म्हैस मात्र त्यांना जवळ येऊ देईना. रंजनाताईंवरच धार काढायची पाळी आली!

शेवटी डॉक्टरकडे गेले. निघाला साधा नायटा. डॉक्टरांनी वेगळंच मलम दिलं आणि दुसऱ्याचं औषध लावल्याबद्दल चांगलं झापलंसुद्धा. मी तब्येतीची चौकशी केली तेव्हा दाजी म्हणाले, "वहिनी, चूक माझीच. शहरातलं डांबर गावच्या पायाला चालत न्हाई."

* * *

आता स्नेहलचं सांगते. स्नेहल लातूरकडची, आमच्या लाइनवरची सगळ्यात अबोल मुलगी. मे महिन्यातही मनगटापर्यंत बाह्या. आम्हाला वाटायचं, गोरी राहायचंय पोरीला. तो डब्याचा प्रसंग झाल्यावर काही दिवसांनी तिने मला वॉशरूममध्ये गाठलं, आतून कडी लावली आणि बाही वर केली. कोपरावर जाड, लालसर, खवल्यांचा पट्टा. दुसऱ्या हातावरही तसाच.

"ताई, मला कुणालाच सांगू वाटंना. एक स्थळ याच्यामुळंच मोडलंय. रूममधल्या पोरीनं एक क्रीम दिलंय, आठ दिवसांत साफ होतं म्हणायलीय."

मी ट्यूब उलटसुलट करून वाचली. नाव भलतंच चकाचक, आत स्टिरॉइड! ती ट्यूब मी माझ्याच पर्समध्ये टाकली आणि हिला आधी माझ्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. त्यांनी तपासलं, तेच निदान केलं, आणि कोपरांसाठी कोल टारचं मलम चालेल म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, "मेडिकलमधून तुझं तू आण. सवय होऊ दे." आणि दाराबाहेर थांबले.

दुकानात गर्दी. स्नेहलने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि काकांच्या दिशेने झुकून इतक्या हळू बोलली की तिचं तिलाही ऐकू आलं नसेल. काकांनी समजूतदारपणे मान हलवली, आत गेले, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट काळ्या पिशवीत घालून तिच्या हातात दिलं. हिने पैसे दिले आणि बाहेर आली. आम्ही पिशवी उघडली. सॅनिटरी पॅड!

दोघी फुटपाथवर हसून हसून खाली बसलो. मग स्नेहल उठली, डोळे पुसले आणि परत दुकानात शिरली. या वेळी तिचा आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू आला. "काका, सोरायसिसचं डांबराचं मलम पायजे. आन् हे परत घ्या!"

* * *

गेल्या दिवाळीनंतर तिला पुन्हा एक स्थळ आलं. मुलगा चाकणला नोकरीला. ती दोघींबरोबर खोलीत राहणारी, म्हणून बघण्याचा कार्यक्रम आमच्याच फ्लॅटवर ठरवला. लातूरहून तिचे आईवडील आले. स्वयंपाकघरात मी आणि रंजनाताई.

तिच्या आईने येतानाच लांब बाह्यांचा ड्रेस आणला होता. "बाई, आज झाकून घे. एकदा लगीन लागलं की हळूहळू सांगू." बिचारी! मोडलेल्या स्थळाचा घाव तिलाच जास्त लागला होता.

स्नेहल ड्रेस घेऊन उठली. आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती अर्ध्या बाह्यांच्या ड्रेसमध्ये. पट्टे फिके झाले होते, पण दिसत होते. वर सकाळी मलमही लावलेलं! तिच्या वडिलांनी मान खाली घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात माझा हात घट्ट धरून उभी.

मुलाकडची मंडळी बसली होती. स्नेहलने चहाचा ट्रे खाली ठेवला, समोरच्या खुर्चीत बसली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "हे सोरायसिस हाय. कुणाला लागत नाही. कधी कमी होतं, कधी वाढतं. मी डांबराचं मलम लावते, त्याचा वास येतो. आत्ता येतोय तो त्याचाच हाय. नंतर कळण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं."

रंजनाताईंनी हातातली पळी तशीच धरून ठेवली होती.

मुलाची आई उठली. आम्हाला वाटलं, चालली ही! पण ती स्नेहलच्या शेजारी येऊन बसली, तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्या पट्ट्यावरून अलगद बोट फिरवलं. "दुखतं का गं?"

"नाही," स्नेहल म्हणाली. इतका वेळ खणखणीत बोलणारी पोर तेवढ्या एका शब्दाला रडायला लागली.

मुलगा अवघडून गेला. घसा खाकरून म्हणाला, "वासाचं म्हणाल तर... त्याची मला काहीच अडचण नाही."

"आत्ता असं म्हणाल," स्नेहल डोळे पुसत म्हणाली, "पण रोजचा हाय हो वास."

"तसं नाही. मी कंपनीत पेंट शॉपला आहे, दिवसभर गाड्यांच्या रंगाच्या फवाऱ्यात. मला वास येतच नाही."

"खरंय बाई त्याचं!" त्याची आई म्हणाली. "परवा गॅसवर दूध ठेवून मी शेजारी गेले. दूध करपलं, पातेलं काळंठिक्कर पडलं, अख्खी बिल्डिंग आमच्या दारात गोळा झाली. आणि हा तिथंच बसून त्यांना विचारतोय, 'काय झालं, आत या ना, चहा घेणार का?'"