डोहातला सुरुंग

माझ्या साळ्याचा उजवा हात दारूपायी गेला, असं हिवरखेडात आजही सांगतात. ही गोष्ट पसरवली मी. आता खरं लिहितो.

आम्ही दोघं विहिरींना सुरुंग लावायचो. विहिरीत वात लांब ठेवतात, माणसाला वर चढून यायला वेळ हवा म्हणून. डोहात मासे मारायचे तर ती आखूड लागते, नाहीतर सुरुंगाची कांडी गाळात जाऊन फुटते. एका सकाळी उरलेल्या दोन कांड्या घेऊन आम्ही सातपुड्यातल्या डोहावर चढलो. वाट थोडीच, पण वर तिन्हीकडून काळा कडा. कोणी फिरकत नाही. वाटेत साळ्यानं घोटभर मोहाची घेतली, तेवढीच.

पहिली वात मी सवयीनं लांब कापली. कांडी तळाशी फुटली, नुसता चिखल वर आला.

"जवाईबुवा, मासोया जेवून, पान खाऊन घरी गेल्या," तो म्हणाला.

मी आईवरून शिवी दिली. त्यानं कानशिलात ठेवून दिली. आमच्याकडे साळा जावयाच्या पायाला हात लावतो, गालाला नाही.

दुसरी वात मी पेराएवढी कापली. तिनं काय होईल, मला ठाऊक होतं. त्यानं पाहिलंही नाही. एकानं कापलेली वात दुसरा तपासत नाही, तशीच रीत. विडीनं पेटवून त्यानं हात उचलला आणि आवाज कड्यावर आपटून परत आला. मनगटापुढे काही उरलं नव्हतं. गढूळ पाण्याच्या कडेला त्याचं एक बोट पडलं होतं.

दुपट्टा आवळून मी त्याला पाठीवर खाली आणलं. लोकांनी विचारलं.

"पेलेला होता," मी म्हणालो.

शुद्धीवर आल्यावर त्यानंही तेच खरं धरलं. गळ्यात माळ घातली, पुन्हा थेंबाला शिवला नाही.

परवा तोच म्हणाला, डोह पाहून येऊ. दोघं म्हातारे काठ्या टेकत चढलो. पाण्याजवळ मी सगळं सांगितलं. वात केवढी कापली, तेही बोटावर दाखवलं.

तो त्या बोटाकडे पाहत राहिला. मग डाव्या हातानं काठी हाणली. मी पडलो. दुसरा फटका खांद्यावर, तिसरा तोंडावर. दात पाण्यात गेला. मी हात आडवा केला नाही.

दमून तो खडकावर बसला.

"माहा बाप मरेपर्यंत माह्याशी बोलला नाही. त्याले मी बेवडा वाटलो."

मी तोंडातलं रक्त पुसलं.

"आता गावाले सांग. तुह्याच तोंडानं."

लग्नापासून त्यानं मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

तोंड सुजलंय, म्हणून आधी लिहून काढलं. बोलता आलं की देवळासमोर वाचून दाखवीन. त्यानं समोर बसायचं कबूल केलंय.